स्टेपनीतलं भोक

दातांच्या डॉक्टरांकडे पहिल्यांदा येणारा माणूस दारातच घुटमळायचा. बाहेर पाटी दवाखान्याची आणि आत जिकडे बघावं तिकडे जीप! भिंतींवर जीप, टेबलावर जीप, काचेच्या कपाटात पत्र्याच्या चिमुकल्या जीप, आणि जिथे कुणाला विडी-सिगारेट ओढण्याची सोय नाही तिथेही जीपचं चित्र असलेली राखदाणी. गाल सुजलेला एक जण एकदा कळवळून म्हणाला होता, "डॉक्टर, मला दाढ काढायचीय हो, गाडी घ्यायची नाहीये."

आता गंमत अशी, की या डॉक्टरांकडे चालणारी जीप एकही नव्हती. त्यांना स्कूटर धड वळवता यायची नाही, जीप कुठून चालवणार! त्यांना वेड होतं ते जीपच्या जुन्या जाहिरातींचं. जुन्या मासिकांतून निघालेली पानं, दुकानांच्या दारांवरच्या एनॅमलच्या पाट्या, किल्ल्यांचे छल्ले, बिल्ले, कॅलेंडरं, गाडीबरोबर मिळणाऱ्या माहितीपुस्तिका. एका जाहिरातीत जीप नांगर ओढतेय, दुसरीत नवं जोडपं मागे ट्रंका बांधून निघालंय, तिसरीत एक बाई गुडघाभर चिखलातून गाडी काढतेय आणि तिच्या साडीला एक शिंतोडा नाही. डॉक्टर ही पानं रद्दीवाल्यांकडून, जुन्या वाचनालयांतून, कुणाच्या माळ्यावरच्या गठ्ठ्यांतून हुडकून आणायचे. आणलेलं पान बायकोला दाखवायचे. ती म्हणायची, "छान आहे. परवाची पण अशीच होती." झालं, डॉक्टरांचं तोंड संध्याकाळपर्यंत फुगलेलं.

या सगळ्या पसाऱ्याचा मुकुटमणी म्हणजे एक चित्र. छापलेलं नव्हे, हाताने रंगवलेलं. जुन्या काळी जाहिरात छापायच्या आधी चित्रकार ती पोस्टर कलरने मोठ्या कागदावर रंगवायचा. मग त्याचा फोटो निघायचा, छपाई व्हायची, आणि मूळ चित्र बहुतेक वेळा कचऱ्यात जायचं. हे एक वाचलं होतं. हिरवी जीप ओढा ओलांडतेय, चाकांशी पाणी उसळलंय, चालवणारा टोपीवाला हसतोय. ते रंगवणाऱ्या म्हाताऱ्या चित्रकाराच्या घरी डॉक्टरांनी चपला झिजवल्या, त्याच्या कवळ्या फुकट बसवून दिल्या, तेव्हा कुठे त्याने ते सोडलं.

डॉक्टरांचा स्वभाव संशयी. त्यात सगळा दोष त्यांचा नाही म्हणा. जन्मभर ज्याला विचारावं, "दोन वेळा दात घासता ना?" तो "हो" म्हणतो, आणि आत आरसा घातला की खरं काय ते दिसतं. असल्या धंद्यात माणसाचा माणसावर विश्वास राहील कसा? डॉक्टरांचा राहिला नव्हता. रद्दीवाल्यावर नव्हता, दुसऱ्या संग्राहकांवर तर अजिबात नव्हता. कारण हे शौकीन लोक बोलायला गोड, पण 'जरा बघायला नेतो' म्हणून मूळ पान नेतात आणि हुबेहूब छापलेली नक्कल परत आणून देतात, असे किस्से त्यांच्या कानावर होते.

म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. घरात येणाऱ्या प्रत्येक कागदी जाहिरातीत, जीपच्या मागच्या जादा चाकात, म्हणजे स्टेपनीत, बरोबर मधोमध ते एक बारीक भोक पाडायचे. कीड शोधायला दातात फिरवतात ना, त्या अणकुचीदार सळईने. साध्या डोळ्याला दिसायचं नाही, भिंग लावलं की दिसायचं. नक्कल करणारा सगळं छापेल, भोक कसं छापेल? या युक्तीवर डॉक्टर मनातल्या मनात बेहद्द खूश होते. ही गोष्ट त्यांनी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोलाही नाही. चित्रकाराने पोटच्या पोरासारखं जपलेल्या त्या चित्रालाही त्यांनी घरी आणल्या दिवशी भोसकलं. धन्य तो माणूस!

एवढी वर्षं ती खूण कधी तपासायची वेळ आली नाही. मग जुन्या गाड्यांच्या शौकिनांनी एका मोठ्या हॉलमध्ये प्रदर्शन ठरवलं आणि डॉक्टरांना अख्खी मधली भिंत देऊ केली. "जाणकार लोक येणार आहेत, डॉक्टर," संयोजक म्हणाले, "मूळ चित्र तेवढं मध्ये लावा." जाणकार म्हटल्यावर डॉक्टरांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. दुपारी पेशंट नव्हते. त्यांनी दार लोटलं, स्टुलावर चढले, डोळ्यांना भिंग लावलं आणि भिंतीवरच्या त्या चित्रातली स्टेपनी बघितली.

भोक नव्हतं.

डॉक्टरांनी भिंग पुसलं. पुन्हा बघितलं. काचेवर उजेड पडतोय म्हणून दाढ बघायचा आरसा आणून तिरका धरला. चाक होतं, चाकाचा मधला बोल्ट होता, भोक नव्हतं. त्यांच्या पायांखालचं स्टूलच डगमगलं. शेजारची फ्रेम बघितली, नांगरवाली. भोक नाही. ट्रंकावालं जोडपं. नाही. भिंतीवरच्या एकाही फ्रेममध्ये नाही! मग धावत जाऊन कपाटाचा खण उघडला. तिथे अजून फ्रेम न केलेली पानं होती. त्या प्रत्येकाच्या स्टेपनीत भोक होतं, अगदी जागच्या जागी.

म्हणजे जे जे फ्रेमला गेलं, ते ते बदलून आलं. आणि फ्रेम करणारा माणूस एकच होता. बायकोचा धाकटा भाऊ.

त्याला सगळं घर धाकटाच म्हणायचं. आई लवकर गेली, तेव्हा डॉक्टरांच्या बायकोने त्याला पदराखाली घेऊन वाढवलं. लग्न होऊन इकडे आली ती त्याला बरोबर घेऊनच. चित्रकलेच्या कॉलेजात शिकला, चित्रकार काही झाला नाही, फ्रेमचं दुकान काढलं आणि ते झोकात चालवलं. बोलायला असा बडबड्या, की भिंतीला खिळा मारतानासुद्धा खिळ्याशी गप्पा. स्वतःची तारीफ करायला त्याला दुसरा माणूस लागायचा नाही. डॉक्टरांची सगळी कामं तोच करायचा आणि घरच्या माणसाशी कसला व्यवहार म्हणून कधी चिठ्ठी-चपाटी केली नव्हती.

"कुठंतरी पाणी मुरत होतंच," डॉक्टर स्वतःशी म्हणाले. आणि एकदा का तसं ठरवलं, की मग काय, आठवेल ती गोष्ट पुरावा! फ्रेमच्या मागे तो खाकी कागद चिकटवून सगळं बंद का करायचा? एकेक पान आठवडेच्या आठवडे दुकानात का ठेवून घ्यायचा? इथे आला की कमरेवर हात ठेवून त्या चित्रांकडे बघत गालात का हसायचा? डॉक्टरांना तेव्हा वाटायचं, पोराला कौतुक आहे. कौतुक कसलं, आपल्या करामतीवर खूश व्हायचा लेकाचा! भिंगातून चित्रावर कुंचल्याचे फराटे स्पष्ट दिसत होते, ते खरं. पण नकलेवर वरून वार्निशचे फराटे मारता येत नाहीत होय? चित्रकलेच्या कॉलेजात दुसरं काय शिकवतात?

दुसऱ्या दिवशी डॉक्टर त्याच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले. समोर म्हणजे रस्त्याच्या पलीकडे, एका खांबाआड. खांब बारीक आणि डॉक्टर अंगाने भरलेले. आतून लगेच हाक आली, "दाजी! उन्हात काय करताय? या ना आत!"

आत गेल्यावर डॉक्टरांचं लक्ष गेलं ते कोपऱ्यातल्या यंत्राकडे. मोठ्या कागदावर चित्रं छापायचं यंत्र, नवंकोरं. आणि मागच्या भिंतीवर, टाचण्यांनी टोचलेली, तीच ओढा ओलांडणारी हिरवी जीप! टोपीवाला त्यांच्याकडे बघून हसत होता.

"हे काय?" डॉक्टरांनी आवाज शक्य तितका साधा ठेवला.

"ते होय? नक्कल आहे. कडेचा पुठ्ठा कुठल्या रंगाचा शोभेल ते मी त्याच्यावर लावून बघतो. प्रदर्शनासाठी पुठ्ठा बदलायचाय ना? मूळ चित्र सारखं सारखं कशाला हाताळायचं?"

उत्तर तयारच होतं! डॉक्टरांनी मान डोलावली आणि मनात नोंद केली: खऱ्या माणसाला इतकं झटपट सुचतं होय? चहा न घेताच ते निघाले. धाकटा मागून ओरडला, "दाजी, ताईला सांगा, रविवारी येतोय!"

घरी आल्यावर त्यांना राहवेना. बायको कपडे घड्या घालत बसली होती. डॉक्टरांनी दार लावलं आणि सगळं सांगून टाकलं. फक्त खूण कसली ते सोडून. ते गुपित त्यांच्या जिभेवर येऊन परत गेलं.

बायकोने हातातला शर्ट खाली ठेवला. "अहो, तुमचं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"अगं, पुरावा आहे."

"कसला?"

"आहे एक. वेळ आली की दाखवीन."

"मला नाही सांगणार?"

"तू त्याची बहीण आहेस."

बोलले आणि डॉक्टरांनाच कळलं, हे बोलायला नको होतं. बायको रडणाऱ्यांतली नव्हती, ओरडणाऱ्यांतलीही नव्हती. "ऐका," ती म्हणाली, "मला भाऊ एकच आहे. त्याला मी भरवलंय, त्याच्या तापात जागलेय. तुमचं खरं निघालं तर मी त्याचं तोंड बघणार नाही. माझा शब्द. पण खोटं निघालं तर मग मला काही सांगायला येऊ नका. तेव्हा बोलायचं तर नीट विचार करून बोला. नाहीतर हा विषय इथेच पुरा."

शहाण्या माणसाने विषय तिथेच पुरला असता. डॉक्टरांनी दोन-तीन दिवस प्रयत्नही केला. पण पेशंटच्या उघड्या तोंडात बघताना त्यांना दाढेच्या जागी स्टेपनी दिसायला लागली. कुणीतरी आपल्याला आपल्याच घरात उल्लू बनवतंय, तेही हसत हसत, 'दाजी, दाजी' करत, या विचाराने त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आणि खरं सांगायचं तर त्यांना वाईटही वाटायचं. ते पोर त्यांच्या घरात वाढलं होतं, त्याच्या दुधाच्या दातांपासून सगळे दात त्यांनी बघितले होते.

रविवारी दुपारी धाकटा आला. काखेत नवा पुठ्ठा, हातात हत्यारांची पेटी, तोंड चालूच. "ताई, चहा टाक. दाजी, असला रंग शोधलाय पुठ्ठ्याला, लोक चित्र सोडून पुठ्ठाच बघत बसतील!"

डॉक्टरांनी चित्र आधीच दवाखान्याच्या भिंतीवरून उतरवून घरी जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. शेजारी भिंग, कापूस, पाण्याची वाटी आणि हिरड्या कापायचं पातं. धाकट्याने ते बघितलं आणि हसला. "ऑपरेशन आहे काय?"

"आहे," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी फ्रेमच्या मागचा खाकी कागद पात्याने सर्रकन कापला.

"अहो, मी काढतो ना. काच आहे, लागेल—"

"तू हात लावू नकोस."

त्यांच्या आवाजाने बायको चहाचं आधण तसंच सोडून बाहेर आली. डॉक्टरांनी चित्र बाहेर काढून टेबलावर पसरलं. फ्रेममध्ये गेल्यापासून पहिल्यांदाच ते काचेशिवाय, इतक्या जवळून, उजेडात होतं. हिरवा रंग काय खुलला होता! पण डॉक्टरांना आता रंग दिसत नव्हता.

"माझ्या चित्राला एक खूण होती," ते म्हणाले. "ती या चित्राला नाही. भिंतीवरच्या एकालाही नाही. माझी मूळ चित्रं कुठे आहेत?"

धाकटा चित्रावर वाकला. "हेच मूळ आहे की. कसली खूण?"

"ती चोराला कशाला सांगू?"

तो शब्द खोलीत पडला आणि धाकट्याचं तोंड उघडंच राहिलं. या बडबड्या माणसाची बोलती बंद झालेली त्या घराने प्रथमच बघितली. त्याने बहिणीकडे बघितलं. बहीण नवऱ्याकडे बघत होती. धाकट्याचे कान लाल झाले.

खऱ्या माणसाला इतका वेळ लागतो होय, डॉक्टरांच्या मनात आलं. परवा उत्तर झटपट आलं म्हणून संशय, आज येत नाही म्हणून संशय. आता त्या पोराने करावं तरी काय?

"ठीक आहे," डॉक्टर म्हणाले. "तुझ्या ताईला पुरावा हवाय ना, हा घे. पोस्टर कलर पाण्याने सुटतो. यंत्रावर छापून चढवलेला रंग जागचा हलत नाही, हे तूच तुझ्या गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतोस. हे खरं असेल तर कापूस हिरवा होईल. खोटं असेल तर पांढराच राहील." आणि त्यांनी कापसाचा बोळा वाटीत बुडवला.

"दाजी, नको!" धाकटा पुढे झेपावला. "तेवढं नका करू, पाया पडतो!"

बघा, कसा घाबरला! डॉक्टरांना आणखी काय हवं होतं? कोपऱ्यात एक थेंब टाकूनही बघता आलं असतं. पण भरलेल्या डोक्याला कोपरा सुचत नाही. त्यांनी तो निथळता बोळा जीपच्या बॉनेटवर ठेवला आणि टोपीवाल्याच्या तोंडापर्यंत एका दमात फिरवला.

बोळा हिरवागार झाला.

चित्रात बॉनेटच्या जागी हिरवा चिखल झाला, तो ओघळून पाण्याच्या तुषारांत उतरला. टोपीवाल्याचं हसू गेलं, मग तोंडही गेलं. धाकट्याने डॉक्टरांना बाजूला सारलं आणि तो खिशातला रुमाल काढून कडेकडेने पाणी टिपायला लागला. डॉक्टर त्या बोळ्याकडे बघत उभे होते.

"भोक होतं," ते शेवटी पुटपुटले. "स्टेपनीत भोक होतं. मी पाडलेलं. खूण म्हणून."

धाकट्याचा हात थांबला. "ते भोक? ती खूण होती?"

"तुला माहीत होतं?"

"मी बुजवलं ते, दाजी. सगळ्यांचीच बुजवली." त्याने ओलं चित्र अलगद उचलून त्याची पाठ वर केली. स्टेपनीच्या मागे, बोट ठेवून दाखवल्यावरच दिसेल असा, कागदाच्या लगद्याचा एक ठिपका होता. "उजेडावर धरलं की प्रत्येक पानाला तिथेच भोक. मला वाटलं, तुम्ही आणलेलं पान हौसेनं बोर्डपिनेनं टोचून ठेवता, आणि दिसू नये म्हणून चाकात टोचता. मला हसू यायचं. पण तुम्हाला तोंडावर कसं सांगायचं? एवढा शौकीन माणूस, लाजेल, वाईट वाटून घेईल. म्हटलं, आपण लगदा भरू, रंगाचा ठिपका देऊ, गप्प बसू."

"एका शब्दानं सांगायचंस तरी!"

"डागडुजी सांगायची नसते. सांगितली की गिऱ्हाइकाची नजर जन्मभर तिथेच जाते." त्याने चित्र परत उलटवलं. "माझंही चुकलं. विचारायला हवं होतं. पण तुम्हीही विचारलं नाहीत."

बायको पुढे आली. तिने पाण्याची वाटी उचलली, आत जाऊन मोरीत ओतली आणि रिकामी वाटी घेऊन परत दारात येऊन उभी राहिली. "माझ्यापासून लपवलंत," ती डॉक्टरांना म्हणाली. "भोकाचं एवढंसं गुपित. त्या दिवशी मला सांगितलं असतंत, तर मी याला तिथल्या तिथे विचारलं असतं." तिचा आवाज चढला नव्हता. डॉक्टरांना तो चढायला हवा होता.

धाकट्याने चित्र नव्या पुठ्ठ्यावर सपाट घेतलं. इतका जपून आणलेला तो पुठ्ठा हिरव्या डागांनी भरला. "नेतो मी हे. सावकाश वाळवायला हवं. जेवढं वाचेल तेवढं वाचवतो. तोंड परत येईल असं वाटत नाही."

"ने, ने," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "तुला जमेल तसं कर. प्रदर्शन गेलं खड्ड्यात. माझा तुझ्यावर पूर्ण विश्वास आहे रे."

धाकट्याने चित्र पुन्हा टेबलावर ठेवलं.

"लिहून द्या," तो म्हणाला.

"काय?"

"कुठलं चित्र, कुठल्या अवस्थेत माझ्याकडे दिलं, ते. सही करून द्या. बाहेरची गिऱ्हाइकं देतात, तशी. उद्या परत वाटलं, तर माझ्याकडे काहीतरी हवं."

"अरे, आपल्यात कधी..."

"नव्हतं. आता असू दे."

डॉक्टरांनी औषधं लिहून द्यायचा कागद पुढे ओढला. लिहिलं: जीपचं हाताने रंगवलेलं मूळ चित्र, पाण्याने पुसलं गेलेलं. धाकटा म्हणाला, "कुणी पुसलं, तेही." त्यांनी तेही लिहिलं. खाली 'देणार' म्हणून सही केली, आणि 'घेणार' म्हणून, सवयीने, 'धाकटा' लिहून पेन खाली ठेवलं.

धाकट्याने कागद वाचला आणि परत त्यांच्यापुढे सरकवला. "हे शेवटचं खोडा. फ्रेमवाला लिहा."

डॉक्टरांनी मान वर करून बायकोकडे बघितलं. ही काहीतरी बोलेल, भावाला दटावेल, 'पुरे आता' म्हणेल, अशी त्यांना अजून आशा होती. ती टेबलाजवळ आली, खाली ठेवलेलं पेन तिने उचललं आणि त्यांच्या हातात दिलं.